जिभेवरचे साधे व्रण: इंदूरकरांचे वारंवार येणारे प्रश्न

दाढ दुखली की माणूस थेट दवाखान्यात येऊन बसतो. जीभ दुखली की तसं होत नाही. आधी शेजारी विचारलं जातं, मग मेडिकलमधून ट्यूब येते, मग मला फोटो येतो, आणि तोवर बरेच आठवडे गेलेले असतात. इंदूरमध्ये दातांचा दवाखाना चालवताना लोकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भर कर्करोग नसलेल्या, म्हणजे साध्या व्रणांवर आहे. पण साधा आहे हे ठरवायचं कसं, हाच खरा प्रश्न असल्यामुळे कर्करोगाचा विषयही येतच राहील. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'तोंड आलंय' आणि 'जिभेवर व्रण झालाय' हे एकच का?

नाही. तोंड येणं हा आपला सगळ्याला पुरणारा शब्द आहे. जीभ लाल होऊन चुरचुरली तरी तोंड आलं, गालाला आतून फोड आला तरी तोंड आलं. व्रण म्हणजे जिभेवरचं नाजूक आवरण फाटून आतला भाग उघडा पडलेला असणं. तो उथळ खळग्यासारखा दिसतो आणि तळाशी पिवळट-पांढरा थर असतो. हा थर पू नव्हे, जखम भरताना तो येतोच, म्हणून कापसाने खरवडून काढू नका.

जिभेवर लाल चट्टे असतील, त्यांना पांढरी किनार असेल आणि ते दर काही दिवसांनी जागा बदलत असतील, तर तो व्रण नाही. ती नकाशासारखी दिसणारी जीभ असते. तिखटाने थोडं झोंबतं, बाकी काही होत नाही. पुसून निघणारा पांढरा थर बहुधा बुरशीचा असतो आणि त्याचं औषध वेगळं असतं.

२. जिभेवर सगळ्यात जास्त कुठले व्रण होतात?

दोन. पहिला घासून किंवा चावून झालेला. किडून तुटलेल्या दाढेची कड, निघालेलं सिमेंट, कवळीची तार, घाईत जेवताना चावलेली जीभ, सराफ्याच्या खाऊगल्लीत उकळत्या तेलातून काढलेला गराडू कंदाचा काप फुंकर न मारता तोंडात टाकणं, अशी कारणं असतात. हा बहुतेक एकटाच असतो आणि जिभेच्या कडेला, दातासमोर असतो.

दुसऱ्याला डॉक्टर ॲफ्थस म्हणतात. गोल किंवा लंबगोल, मध्ये पिवळट, भोवती लाल कडं. एका वेळी एक ते पाच येतात. जिभेची कड, जिभेची खालची बाजू, ओठ आणि गाल आतून, अशा मऊ जागा त्याला आवडतात. टाळूच्या कडक भागावर आणि हिरड्यांवर तो सहसा येत नाही. साधारण पाचातल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी याचा त्रास होतो आणि तो घराण्यात चालतो. लहान प्रकार १० मिलिमीटरच्या आतला असतो, ७ ते १४ दिवसांत डाग न ठेवता भरतो. मोठा प्रकार १० मिलिमीटरच्या वर जातो, खोल असतो, कित्येक आठवडे रेंगाळतो आणि जाताना व्रणखूण ठेवतो. तिसऱ्या प्रकारात टाचणीच्या डोक्याएवढे १ ते २ मिलिमीटरचे पुष्कळ ठिपके एकदम येतात, पण तो कमी दिसतो.

३. घरी आरशात कसं बघायचं?

उजेडात बसा, हात धुवा. स्वच्छ सुती रुमालाने जिभेचं टोक धरा आणि जीभ हलकेच उजवीकडे, मग डावीकडे ओढा. कड मागपर्यंत बघा, कारण महत्त्वाचं बरंचसं तिथेच असतं. नंतर जीभ वर टाळूला लावून खालची बाजू बघा.

आता जीभ सोडून तोंड मिटा आणि जखमेसमोर कुठला दात येतो ते बोटाने चाचपा. बोटाला धार लागली तर अर्धं निदान तुमचं तुम्हीच केलंत.

शेवटी जखमेची कड दोन बोटांत हलकेच धरून बघा. आपल्याच चेहऱ्यावर याचं माप आहे: ओठासारखी मऊ लागली तर ठीक, नाकाच्या शेंड्यासारखी घट्ट लागली तर दाखवा, कपाळासारखी कडक लागली तर उद्यावर टाकू नका.

४. किती दिवस वाट पाहायची?

दोन आठवडे. जखम दिसली त्या दिवशी कालनिर्णयवर खूण करा. मी हे प्रत्येकाला सांगते, कारण 'झाले असतील आठ-दहा दिवस' म्हणणाऱ्या माणसाची बायको बाजूला बसून 'अहो, राखीपासून आहे' असं सांगते आणि तेव्हा दिवाळी तोंडावर आलेली असते. तोंडातली जखम अंगावरच्या जखमेपेक्षा लवकर भरते. दोन आठवड्यांत ती भरली नाही, निदान स्पष्टपणे लहान झाली नाही, तर कारण अजून तिथेच आहे असं समजायचं. तीन आठवडे ही शेवटची हद्द.

पुढच्या गोष्टींत दोन आठवडेही थांबू नका: कड कडक आहे, हात लागताच रक्त येतं, मानेत गाठ लागते, जीभ बाहेर काढताना एका बाजूला ओढली जाते, जिभेचा भाग बधिर झालाय, गिळताना कानात कळ जाते, तोंड पूर्वीसारखं उघडत नाही. तंबाखू, गुटखा, सुपारी किंवा दारूची सवय असलेल्यांनी तर पहिल्याच आठवड्यात दाखवावं.

५. खरं सांगा, हा कॅन्सर तर नाही ना?

बहुतेकदा नाही. पण न बघता 'नाही' म्हणणारा डॉक्टर आणि न दाखवता 'असेलच' म्हणणारा रुग्ण, दोघेही सारखेच चुकतात.

माझ्या नात्यातल्या एक काकू लोकमान्य नगरात राहायच्या. जिभेच्या उजव्या कडेला जखम झाली आणि त्यांनी चार महिने कोणालाही सांगितलं नाही, मलासुद्धा नाही. त्यांचा भाऊ तोंडाच्या कर्करोगाने गेला होता, त्यामुळे आपलंही तेच, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. पोळी दुधात कुस्करून खायच्या, विचारलं तर 'दात शिवशिवतात' म्हणायच्या. एका लग्नात त्यांनी श्रीखंड-पुरीतली पुरी बाजूला सारली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. खालची दाढ तुटून तिची कड सुरीसारखी झाली होती. दाढ घासून गुळगुळीत केली, अकराव्या दिवशी जखम भरली. चार महिने त्या रोज रात्री मरणाची तयारी करत होत्या, आणि काम होतं दहा मिनिटांचं. त्यांची आठवण आली की आजही मला वाईट वाटतं.

उलटही होतं. दुखत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात. साधा व्रण पहिल्या दिवसापासून झोंबतो. कर्करोगाची जखम मात्र सुरुवातीला बऱ्याचदा दुखतच नाही. म्हणून दुखण्यावरून निष्कर्ष काढू नका, प्रश्न ३ आणि ४ मधल्या खुणांवरून ठरवा.

६. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तर सांगाल का?

फोटोवरून मी एवढंच सांगू शकते की लवकर या की सावकाश या. कड मऊ आहे की कडक हे बोटाशिवाय कळत नाही आणि निदान त्यावरच असतं.

७. कोणाकडे जायचं, दातांच्या डॉक्टरांकडे की नाक-कान-घशाच्या?

दोन्ही चालतात. जखमेसमोर दात, कवळी किंवा तार येत असेल तर आधी दातांच्या डॉक्टरांकडे जा. जखम जिभेच्या अगदी मागे असेल, गिळताना त्रास असेल, आवाज बदलला असेल तर नाक-कान-घशाच्या. खर्चाची अडचण असेल तर एम.वाय. रुग्णालयाजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे तोंडाच्या आजारांची तपासणीही होते आणि तुकडा काढून तपासायची सोयही आहे. रांग असते, सकाळी लवकर जा. जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. पाकिटं कशाला, ते प्रश्न १५ मध्ये आहे.

८. मेडिकलमधून ट्यूब आणली, लावतोय, फरक नाही. दुसरी कुठली आणू?

कुठलीच नाही, आधी हातातल्या ट्यूबवर काय लिहिलंय ते वाचा. 'छाल्यांची', म्हणजे तोंडातल्या फोडांची, ट्यूब म्हणून काउंटरवर तीन वेगवेगळ्या गोष्टी मिळतात.

एक बधिर करणारी, लिग्नोकेन किंवा बेन्झोकेनची. तिने जखम भरत नाही, थोडा वेळ दुखायचं थांबतं. जेवणाआधी अगदी थोडी लावा आणि जपून चावा, कारण बधिर जीभ पुन्हा चावली जाते. बेन्झोकेन दोन वर्षांखालच्या बाळाला कधीच नको.

दुसरी कोलीन सॅलिसिलेटची. दुखणं आणि सूज कमी करते. १६ वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, ॲस्पिरिनच्या जातीचं औषध आहे.

तिसरी स्टेरॉइडची, ट्रायमसिनोलोनचा चिकट लेप. ॲफ्थसवर खरं काम हीच करते, पण लावायची रीत चुकली तर फुकट जाते. जेवण झाल्यावर चूळ भरा, जखम कापसाने टिपून कोरडी करा, वाटाण्याच्या निम्म्याहून कमी लेप नुसता टेकवा, चोळू नका. अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. रात्री झोपताना लावलेला सगळ्यात जास्त वेळ टिकतो. चुरचुर सुरू झाली त्याच दिवशी लावला तर व्रण लवकर आवरतो. नागिणीच्या जातीच्या विषाणूच्या फोडांवर किंवा बुरशीवर हा लावला तर आजार वाढतो, म्हणून एकदा तरी डॉक्टरांना दाखवून मगच लावा. सात दिवसांत फरक नाही तर थांबवा.

आणि समोर धारदार दात असेल तर तिन्ही निरुपयोगी. दिवसातून चार वेळा ट्यूब, आणि दर घासाला दाताची धार.

९. मीठ-पाणी, हळद, मध, तूप, तुरटी: यातलं काय करू?

मीठ-पाणी जरूर. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा. साजूक तुपाचं बोट फिरवल्याने जखमेवर पातळ थर बसतो आणि झोंबणं कमी होतं, त्यालाही हरकत नाही. मध मोठ्यांना चालतो, एक वर्षाखालच्या बाळाला अजिबात नको. हळद मधात कालवून लावली तर नुकसान नाही. ज्येष्ठमधाची कांडी चघळू नका, तिची काडीच जिभेला ओरबाडते. काढा गार करून चूळ भरा.

तुरटीचा खडा जखमेवर घासू नका. टाकणखार आणि बोरोग्लिसरीन लहान मुलांच्या तोंडात लावायची जुनी रीत आहे, ती आता सोडा, गिळलं गेलं तर विषारी आहे. दुखतंय म्हणून ॲस्पिरिनची गोळी जखमेशी दाबून धरणारेही येतात. तिने तिथली कातडी भाजून पांढरी होते आणि एका व्रणाचे दोन होतात.

१०. तपकिरी डाग पडणारं माउथवॉश रोज घेऊ का?

ते क्लोरहेक्सिडीन. ०.२ टक्क्याचं १० मिलिलिटर, मिनिटभर, दिवसातून दोनदा. जखमेत जंतू वाढू देत नाही, त्यामुळे ती लवकर भरायला मदत होते. टूथपेस्टनंतर निदान अर्धा तास थांबून घ्या, नाहीतर परिणाम कमी होतो. वर लगेच चहा घेतलात तर दात रंगणारच. दोन आठवड्यांपेक्षा जास्त आपल्या मनाने नको. खूप दुखत असेल तर बेन्झिडामीनची चूळ जेवणाआधी बरी पडते.

११. डॉक्टर बी-कॉम्प्लेक्स देतात. त्याने खरंच होतं का?

कमतरता असेल तर होतं, नसेल तर लघवी पिवळी होते. दहा दिवसांत व्रण तसाही भरणार असतो आणि श्रेय गोळीला मिळतं. पण आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं खूपच साधारण आहे, आणि बायकांमध्ये लोह. म्हणून वारंवार व्रण येणाऱ्यांनी गोळ्या सुरू करायच्या आधी रक्त तपासावं. आधी गोळ्या घेतल्या की रिपोर्ट चांगला दिसतो आणि मूळ कमतरता झाकली जाते. कुठल्या तपासण्या, ते प्रश्न १४ मध्ये.

१२. पोह्यांवर जिरावण मसाला, वर तिखट लौंग सेव. याने व्रण होतात का?

इंदूरमध्ये राहून पोहे सोडा असं मी सांगणार नाही. तिखटाने व्रण होत नाही, झालेला झोंबतो. कडक सेव आणि भाजलेल्या पापडाची कड मात्र जीभ सोलते आणि ज्याचा कल ॲफ्थसकडे आहे त्याच्या तोंडात एवढं ओरखडणंही पुरतं. जखम भरेपर्यंत दहीभात, मुगाची खिचडी, गार दूध, केळं. काही जणांना टोमॅटो, अननस, अक्रोड किंवा चॉकलेटनंतर व्रण येतात. वहीत टिपा, दोन-तीनदा जुळलं तर तो पदार्थ महिनाभर सोडून बघा. खूप फेस होणारी टूथपेस्ट बदलूनही काहींना फरक पडतो. सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली मागा.

ज्यांना तिखट लागताच पूर्ण तोंडाची आग होते आणि तोंड उघडणं कमी झालंय, त्यांचा आजार वेगळा आहे. तो सुपारीमुळे होतो. उभी तीन बोटं तोंडात जात नसतील तर व्रण असो-नसो, दाखवा.

१३. परीक्षा आली की मुलीच्या जिभेला फोड येतातच. मनाचं काही आहे का?

भंवरकुआँच्या क्लासेसमध्ये जाणारी मुलं परीक्षेच्या पंधरा दिवस आधी माझ्याकडे येतात, त्यामुळे मला नवल वाटत नाही. ताणाने ॲफ्थस उठतो हे खरं आहे. पण जागरण, जेवणाची हेळसांड आणि विचारात जीभ-गाल चावायची सवय हेही त्यात असतं. काही मुलींना पाळीच्या आधी येतात. घरचे म्हणतात 'उष्णता झाली, पोट साफ नाही'. बद्धकोष्ठाने व्रण होत नाही, जुलाबाचं औषध देऊन मुलीला आणखी अशक्त करू नका. परंतु पोट दुखतं, वारंवार पातळ होतं, वजन घटतंय असं असेल तर प्रश्न १४ वाचा.

१४. दर महिन्याला येतात. कुठल्या तपासण्या करू?

रक्ताचा पूर्ण तपास, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), बी-१२, फॉलिक ॲसिड आणि साखर. मधुमेहात व्रण भरायला वेळ लागतो आणि बुरशीही लवकर होते. एवढ्यात बऱ्याच जणांचं कारण सापडतं.

पोटाच्या तक्रारी असतील, मूल वाढत नसेल, लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल तर सीलिॲकची तपासणी. हा गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आजार आहे. माळव्यात तिन्ही त्रिकाळ गहू असतो, दाल-बाफल्याशिवाय सण होत नाही, त्यामुळे गव्हाचा संशय कोणाला येतच नाही. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे: तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. गहू सोडल्यावर रक्तात ते सापडत नाही आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो.

तोंडाबरोबर गुप्तांगावरही व्रण येत असतील, डोळे लाल होऊन दुखत असतील, तर बेहचेट नावाचा आजार असू शकतो. डोळ्यांना धोका असतो, म्हणून लाजून यातलं अर्धंच सांगू नका. मोठे, खोल, न भरणारे व्रण आणि सतत ताप असेल तर एचआयव्हीची तपासणीही सांगितली जाते. तिचा अर्थ तुमच्यावर संशय आहे असा घेऊ नये.

१५. औषधांमुळेही जिभेला व्रण होतात का?

होतात, आणि हे सगळ्यात जास्त निसटतं. हृदयासाठी निकोरँडिल घेणाऱ्यांना जिभेवर मोठा, खोल, फार दुखणारा व्रण होऊ शकतो. महिनोन्महिने ट्यूब लावून काही होत नाही, हृदयरोगतज्ज्ञांनी गोळी बदलली की काही आठवड्यांत भरतो. गोळी आपल्या मनाने मात्र बंद करू नका.

मेथोट्रेक्झेट संधिवाताला आणि सोरायसिसला देतात, आठवड्यातून एकदा. चुकून रोज घेतली गेली तर तोंडभर व्रण ही धोक्याची पहिली घंटा असते आणि रक्तपेशी झपाट्याने घटतात. आजी-आजोबांच्या गोळ्यांच्या डबीत ही असेल आणि तोंड आलं असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जा, रात्र झाली असली तरी.

हाडांसाठीची ॲलेंड्रोनेट तोंडात विरघळवली तर तिथे भाजतं, ती पेलाभर पाण्याबरोबर सरळ गिळायची असते. मधुमेहाची मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेतल्याने बी-१२ उतरू शकतं. ती बंद करायची नसते, बी-१२ तपासायचं असतं.

१६. एकाच ताटात जेवलं तर पसरतात का?

ॲफ्थस आणि घासून झालेला व्रण पसरत नाही. विषाणूचे फोड पसरतात. लहान मुलाला ताप, हिरड्या लाल-सुजलेल्या, लाळ गळते, जिभेवर-ओठांवर बारीक फोड: हा बहुधा हर्पिस. पहिल्या ७२ तासांत दाखवलं तर विषाणूवरचं औषध उपयोगी पडतं. तोंडाबरोबर तळहात आणि तळपायावरही पुरळ असेल तर हात-पाय-तोंडाचा आजार, तो पावसाळ्यात शाळांतून फिरतो आणि सात-दहा दिवसांत आपोआप जातो. दोन्हींत मुलाचा पेला-चमचा वेगळा ठेवा, शाळेत पाठवू नका. खरी भीती पाणी कमी पडण्याची असते. सहा-आठ तास लघवी झाली नाही तर लगेच डॉक्टर गाठा.

१७. चार महिन्यांच्या बाळाच्या जिभेखाली जखम आहे. दूध ओढत नाही.

बाळाला खाली दात आलेत का ते बघा. काहींना जन्मतःच किंवा पहिल्या महिन्यात दात येतात, काहींना चौथ्या-पाचव्यात. दूध ओढताना जीभ त्या धारेवर घासते. वयस्क बायका याला अपशकुन मानतात, तसं काही नाही. दाताची कड गुळगुळीत केली किंवा तिच्यावर थोडं सिमेंट चढवलं की जखम भरते. दात खूपच हलत असेल आणि श्वासनलिकेत जायची भीती असेल तरच काढतात. इथे प्रश्न ८ आणि ९ मधलं काहीही लावू नका.

१८. धारदार दाढ काढूनच टाकू का?

घाई नको. बहुतेकदा घासून, सिमेंट भरून किंवा कॅप घालून काम होतं. काही उरलंच नसेल तर काढावी लागते. कवळीमुळे जखम असेल तर ती रात्री काढून ठेवा आणि कडा डॉक्टरांकडून घासून घ्या, घरी कानशीने नको. नवीन कवळीने जखम झाली म्हणून ती कपाटात टाकणारे पुष्कळ आहेत. दोन फेऱ्यांत ती बसते. धार काढल्यापासून पुन्हा दोन आठवडे मोजा. त्यात भरली नाही तर कारण फक्त दाढ नव्हती, प्रश्न २० कडे जा.

१९. तंबाखू सोडली आणि तोंड आलं. मग सोडायची कशाला?

हे खरंच होतं. तंबाखूने तोंडाचं आवरण जाड झालेलं असतं. ती सुटल्यावर ते पुन्हा नाजूक होतं आणि पहिले काही आठवडे ॲफ्थस येतात. ते तात्पुरतं असतं. मीठ-पाणी आणि लेप यांवर निभावून न्या, पुडीकडे परत जाऊ नका. २०१२ मध्ये मध्य प्रदेशात गुटख्यावर बंदी आली, पण पानमसाला आणि जर्दा वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन लोक हातावर मिसळतात. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळतं.

२०. बायोप्सी सांगितलीय. सुई-चाकू लागला की गाठ पसरते म्हणतात.

पसरत नाही. या एका समजुतीपायी मी माणसं उशिरा पोचलेली पाहिली आहेत, म्हणून हे उत्तर सावकाश वाचा. जीभ इंजेक्शनने बधिर करतात, जखमेच्या कडेचा लहान तुकडा थोड्या निरोगी भागासकट घेतात, एक-दोन टाके घालतात. अर्ध्या तासात घरी जाता येतं. दोन-तीन दिवस गार, मऊ खाणं. रिपोर्टला साधारण आठवडा लागतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका.

घासून झालेल्या व्रणाचा एक हट्टी प्रकार आहे. कड उचललेली, घट्ट, महिनोन्महिने न भरणारी, बघणाऱ्या डॉक्टरलाही कर्करोग वाटावा अशी. तुकड्यात इओसिनोफिल नावाच्या पेशी दिसतात आणि आजार साधा निघतो. नवल म्हणजे तुकडा घेतल्यावर ही जखम बऱ्याचदा भरू लागते.

२१. क्षयरोग जिभेला होतो?

क्वचित, पण होतो. वेड्यावाकड्या, आतून पोखरलेल्या कडांचा दुखरा व्रण, बरोबर खोकला, रात्री घाम, वजन घटणं. मूळ बहुतेकदा फुप्फुसात असतं. छातीचा एक्स-रे आणि बायोप्सीने कळतं, उपचार सरकारी केंद्रात मोफत आहेत. सिफिलिसचाही न दुखणारा, घट्ट व्रण जिभेवर येऊ शकतो. हा प्रश्न मला कोणी विचारत नाही, म्हणून मीच लिहिते: साध्या रक्ततपासणीने समजतो आणि पेनिसिलिनने बरा होतो.

२२. जिभेच्या अगदी मागे मोठे दाणे दिसतात. फोड आहेत का?

बहुधा नाहीत. तिथे उलट्या व्हीच्या आकारात ८ ते १२ मोठे दाणे प्रत्येकाला असतात, ते चवीचे. कडेला मागे उभ्या घड्या असतात, त्याही नैसर्गिक. दोन्ही बाजू सारख्या दिसत असतील तर घाबरू नका. एकाच बाजूला असेल, वाढत असेल तर दाखवा.

२३. बायोप्सीचा रिपोर्ट साधा आला, पण जखम अजून तशीच आहे. आता?

परत जा. रिपोर्ट त्या तुकड्यापुरता असतो, पूर्ण जखमेचा नसतो. तुकडा वरवरचा घेतला गेला असेल किंवा चुकीच्या जागेचा असेल तर खरी गोष्ट हुकते. रिपोर्टनंतर चार आठवडे झाले आणि जखम भरली नाही, तर पुन्हा बायोप्सी मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. दुसऱ्या डॉक्टरांकडे जात असाल तर नुसता कागद नेऊ नका. लॅबमधून काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा मागून घ्या, ठोकळ्यात तुमचाच तुकडा असतो आणि तो पुन्हा तपासता येतो. ठोकळा उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण वितळतं.